पैलवानाचं वजन

२ सप्टेंबर, सोमवार

डायरी लिहायची सवय मला नाही. पण कुणाच्या तरी डोक्यात वरवंटा घालण्यापेक्षा वहीत लिहिलेलं बरं, म्हणून आजपासून लिहिते आहे.

दादाने सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. एका मोठ्या दुकान-साखळीला आपल्या घडीच्या शिड्या हव्या आहेत, पण कारखान्याकडे गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तरच. तपासनीस महिनाअखेर येणार. तोवर कारखान्यातलं प्रत्येक काम कसं होतं, कोण करतं आणि कुणाच्या जबाबदारीवर होतं, हे सगळं लिहून काढायचं. हे घोंगडं कुणाच्या गळ्यात पडणार याचा विचार करत सगळे जमिनीकडे बघत होते. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "आजपासून ही आपली गुणवत्ता प्रमुख."

बाबा होते तेव्हापासून मी इथे राबते आहे. बिलं, फोन, पॅकिंगच्या बायकांची भांडणं, दादाचं विसरलेलं सगळं. पगारपत्रकात माझ्या नावापुढे पद म्हणून आजवर एक आडवी रेघ होती. आज पद मिळालं. गोदामाशेजारची खोली मिळाली, टेबल मिळालं. टाळी मात्र एकाने वाजवली नाही. आमचे उत्पादनप्रमुख, ज्यांना सगळा कारखाना पाठीमागे 'बघू-करू' म्हणतो कारण कशालाही त्यांचं तेच उत्तर असतं, ते नुसते म्हणाले, "छान. बघू, करू."

घरी सांगितलं. आमचे हे विमा कंपनीत दावे तपासतात, त्यामुळे आनंदाच्या बातमीतही त्यांना आधी खोट दिसते. म्हणाले, "पगार वाढवला का?" मी ताट आपटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

दादाने सल्लागार नेमला आहे. कोट, सुगंध, आणि दर वाक्याला "सोपं आहे, मॅडम." पहिल्याच दिवशी त्याने एक जाडजूड तयार पुस्तिका टेबलावर ठेवली आणि म्हणाला, फक्त कंपनीचं नाव बदलायचं.

मी दुपारी वाचायला घेतली. पान उलटलं की अंगाची लाही लाही. "शिडी पूर्ण थंड झाल्यावरच पाकिटात भरावी." पुढे, "शिडीत आढळणाऱ्या किड्यांबाबत कार्यपद्धती." आणखी पुढे, "शिडी खाल्ल्यानंतर ग्राहकास त्रास झाल्यास." मेल्याने बिस्किटांच्या कारखान्याची पुस्तिका आणून 'बिस्किट' शब्दाच्या जागी 'शिडी' घातला होता.

फोन करून झापलं. तो म्हणाला, "मॅडम, कोण वाचतं?"

मी वाचते. मी ती पुस्तिका खिडकीच्या फटीत कोंबली, तिथून वारा येतो. आता सगळं मी स्वतः लिहिणार, प्रत्येक विभागात उभं राहून, बघून. त्या बिस्किटवाल्याने आल्यापासून एकच कामाचं वाक्य उच्चारलं आहे: जे करता ते लिहा, आणि जे लिहिता ते करा. एवढं मात्र मला मनापासून पटलं. आमच्या घरात आणि कारखान्यात हे कुणीच कधी करत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

आज वजनाची चाचणी लिहिली. लिहिताना हसूही आलं आणि संतापही.

आमच्या प्रत्येक शिडीवर चिठ्ठी असते: एकशेवीस किलोपर्यंत सुरक्षित. हे तपासायचं कसं? तर पैलवान. पैलवान म्हणजे पॅकिंगमधला आमचा धिप्पाड माणूस. बाबांनीच पद्धत घालून दिली: प्रत्येक खेपेतल्या दोन-चार शिड्यांवर पैलवानाने चढायचं, वरच्या पायरीवर उभं राहून दोनदा उड्या मारल्यासारखं करायचं आणि उतरायचं. तो उतरला की शिडी पास. त्याचं वजन एकशेबावीस, हे सगळ्यांना पाठ. बाबा म्हणायचे, यंत्र विकत घेतलं तर त्याला तेल घालावं लागतं, हा स्वतःचं स्वतः घालून येतो.

बघू-करूंना विचारलं, हे असं लिहू का? ते म्हणाले, "माणूस काय लिहिता. 'एकशेवीस किलोचा भार देऊन चाचणी घ्यावी' असं लिहा. अर्थ तोच." तसं लिहिलं. दिसायलाही बरं दिसतं.

पैलवानाची आज मी थट्टा केली. विजार दोरीने बांधून आला होता. डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून वर्षभर गोड बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ चालणं. गाल बसले, पण चेहरा तरतरीत झाला आहे. म्हटलं, "पैलवान, आता तुम्हाला नवं नाव शोधायला हवं." लाजला. म्हणाला, "ताई, आता वरपर्यंत चढताना धापसुद्धा लागत नाही." एका माणसाने तरी या कारखान्यात काहीतरी मनावर घेऊन केलं. बाकी सगळे नाचता येईना अंगण वाकडं.

दादा तेवढ्यात आला, खुशीत. पायऱ्या ठोकायच्या रिव्हेटांचा पुरवठादार त्याने वसंतातच बदलला होता, आता त्याच्याकडूनही भाव आणखी पाडून घेतला. म्हणाला, "जुना सांगत होता, स्वस्त रिव्हेट टिकणार नाहीत. इतके महिने पैलवान चढतोय, एक तरी मोडली?" बोलताना माझ्याच टेबलावर चहाचा पेला ठेवला, कागदावर गोल उठला. लिहून ठेवते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

प्रत्येक कार्यपद्धतीच्या शेवटी एक रकाना असतो: जबाबदार कोण. आठवडाभर लोक त्या रकान्यासाठी माझ्या खोलीत येताहेत.

खरेदीवाला आला. "ताई, मी नुसता मालकांनी सांगितलेलं मागवतो. मालाची तपासणी म्हणजे गुणवत्ता, नाही का?" बरोबर आहे, म्हटलं. गोदामवाला आला. "माल बाहेर सोडायचा की नाही हे ठरवणारे आम्ही कोण?" तेही बरोबर. बघू-करू तर स्वतः खुर्ची ओढून बसले, पहिल्यांदाच. "आमच्याकडे माणसं येतात-जातात. तुमचं पद कायमचं. तुमचं लिहिलं की कागदाला वजन येतं."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला कधी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. उशिरा का होईना, यांना कळलं की काम कोण करतं. पण राग त्याचाच येतो. इतकी वर्षं डोळे काय गहाण टाकले होते?

मी सगळीकडे लिहिलं: गुणवत्ता प्रमुख. आणि जबाबदारी माझी म्हटल्यावर त्याच्या शेजारच्या रकान्यात, जिथे अधिकार कुणाचा असं विचारलंय, तिथेही मीच. उगाच अर्धवट कशाला.

१४ सप्टेंबर, शनिवार

यांना पानं वाचायला दिली. मला वाटलं, दोन चांगले शब्द तरी बोलतील. चष्मा लावून शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "सगळीकडे तुझंच पद?"

"हो. विश्वास आहे त्यांचा."

"आमच्याकडे दावा आला की आम्ही पहिला हाच रकाना बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सही करण्याआधी एकदा विचार कर. दादाची सही कुठेय?"

"मंजुरीच्या पानावर. तो मालक आहे, तो काय चाचण्या घेणार आहे का?"

चष्मा पुसत बसले. यांचं असंच. स्वतः तीस वर्षं एकाच टेबलावर बसले, साधी खिडकी कधी वाट्याला आली नाही. बायकोला खोली मिळाली तर पोटात दुखतं. मी तसं तोंडावर बोलले. ते उठून भांडी घासायला गेले. भांडीसुद्धा असल्या हळू हाताने घासतात की आणखी चीड येते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज सह्या झाल्या. मी प्रत्येक पानावर केली, दादाने शेवटच्या एका पानावर, तेही फोन खांद्यात धरून. "वाच तरी," म्हटलं. "तू लिहिलंयस ना," म्हणाला.

बरं वाटलं ऐकून. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. बाबा असते तर, असा विचार आला आणि मी तो लगेच हाकलला. बाबांनीही आडवी रेघच ठेवली होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज लिहिणं जड जातंय. पण लिहिणार.

सकाळी बिस्किटवाला आला, तपासनीसाच्या आधीची शेवटची फेरी म्हणून. विचारलं, मोजमापाच्या साधनांची यादी कुठे? फूटपट्ट्या, कॅलिपर, पॅकिंगचा वजनकाटा. प्रत्येक साधन खरं मोजतं ना, हे वर्षातून एकदा तपासून त्यावर चिठ्ठी लावायची. मी यादी दिली. ती वाचून तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "आणि भार-चाचणीचं साधन, मॅडम?"

बघू-करू म्हणाले, "जाऊ द्या, बघू."

मला त्यांच्या 'बघू'ची इतकी शिसारी आली की मी म्हटलं, बघू नाही, आत्ताच बघायचं. पैलवानाला बोलवा. त्यालाही चिठ्ठी लावू. आपल्या साधनाची तपासणी झालीच पाहिजे.

हे मी त्यांची फजिती करायला म्हटलं होतं, दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं. सगळे हसायला लागले. पैलवान आला, त्याला पॅकिंगच्या काट्यावर उभं केलं. त्याने चपला काढल्या. काटा थांबला एकोणनव्वदवर.

पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, आता लग्नाला उभे करू परत. पैलवान हात जोडून सगळ्यांना हसत होता. मीही टाळ्या वाजवत होते. आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले.

एकशेवीस किलोचा भार देऊन चाचणी घ्यावी. सही माझी.

माणूस वर्षभर वितळत होता आणि आम्ही रोज त्याला शिडीवर चढवून पास, पास, पास म्हणत होतो. मी स्वतः विजारीवरून त्याची थट्टा केली. सगळ्या कारखान्याने केली. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, आणि मी गुणवत्ता प्रमुख.

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळी गोदामातून तयार माल मागवला. वाळूची पोती काट्यावर तोलून एकशेवीस भरेल एवढी घेतली आणि पैलवानाच्या मदतीने एकेका शिडीच्या पायरीवर रचली. दोन टिकल्या. तिसरीची पायरी एका बाजूने कट् करून सुटली आणि पोती खाली आली. मग एक टिकली. मग परत एक सुटली. तुटलेला रिव्हेट हातात घेतला आणि जुन्या शिडीचा काढून शेजारी ठेवला. नवा नुसत्या डोळ्यांनाही बारीक दिसतो. पैलवान वर्षभरापूर्वीचा असता तर यातली पहिली शिडी वसंतातच मोडली असती आणि दादाने त्या पुरवठादाराला हाकललं असतं.

पैलवान बाजूला भिंतीला टेकून उभा होता. हळूच म्हणाला, "ताई, म्हणत असाल तर परत खायला लागतो."

मी त्याच्यावर खेकसले. मग इतकी लाज वाटली की त्याच्याच पुढे रडले. तो बिचारा माझ्यासाठी पाणी आणायला पळाला.

दादाकडे गेले. सगळं सांगितलं, रिव्हेट टेबलावर ठेवले. म्हटलं, माल थांबव, आणि वसंतानंतर जेवढ्या शिड्या गेल्यात तेवढ्या दुकानांतून परत मागव.

"आजवर कुणी पडलं?" त्याने विचारलं.

"पडेपर्यंत थांबायचं?"

"एकशेवीस किलोचा माणूस रोज कुठे शिडीवर चढतो?"

"मग चिठ्ठीवर कशाला छापतोस?"

तो उठला, दार लावलं, आणि अगदी मऊ आवाजात बोलायला लागला. लहानपणी माझी पाटी फोडल्यावर आईला सांगू नको म्हणताना तो असाच बोलायचा. "हे बघ. परवा मोठी गाडी जायची आहे, सोमवारी तपासनीस. आत्ता बोभाटा केलास तर कारखाना बसेल. आणि बसला तर नाव कुणाचं येईल? चाचणी एकशेवीसने होते हे मी लिहिलंय का? तुझी सही आहे. माल तपासायची जबाबदारी तुझी, माल सोडायची तुझी. मी काळजीपोटी सांगतोय."

तेव्हा कुठे मला तो रकाना दिसला. पानोपानी माझंच पद. खरेदीवाला, गोदामवाला, खुर्ची ओढून बसलेले बघू-करू, सगळे एकेक करून आपली मोळी माझ्या डोक्यावर ठेवून गेले, आणि मी ताठ मानेने उभी राहिले की काय मान मिळतोय. गुणवत्ता प्रमुख म्हणे. अडकवायला खुंटी हवी होती यांना, खुंटीला एक खोली दिली.

घरी यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'मी म्हटलं होतं' म्हणाले असते. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, दिवा लावला आणि माझ्यापुढे जेवण ठेवलं. काहीसुद्धा विचारलं नाही. त्याचाही राग आला, पण जेवले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दादाने गाडी उद्याऐवजी आजच मागवली. मला न सांगता.

मी पोचले तेव्हा अर्धी भरली होती. मी मागच्या फळीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, माल उतरवा. हमाल बघू-करूंकडे बघायला लागले. बघू-करू आभाळाकडे.

दादा वरून आला. "कुणाच्या अधिकाराने गाडी अडवतेस?"

"ज्या कागदावर सगळी जबाबदारी माझी आहे, त्याच्याच शेजारच्या रकान्यातल्या. माल सोडायचा अधिकार फक्त गुणवत्ता प्रमुखाचा. तू मंजूर केलंयस, फोनवर बोलत बोलत का होईना."

"कागद तपासनीसाला दाखवायला असतात."

"मग मला फासावर द्यायला का काढतोस?"

सगळा कारखाना जमला होता. दादाचं तोंड लाल झालं. त्याने गाडीतलीच एक शिडी खाली ओढली, उघडली आणि सगळ्यांसमोर तरातरा चढला. वरच्या पायरीवर उभा राहिला, हात पसरले, पैलवानासारख्या दोन उड्या मारल्या. शिडी हललीसुद्धा नाही. बघू-करूंनी टाळी वाजवली, मग दोघाचौघांनी. दादा उतरून हात झटकत म्हणाला, "झालं समाधान? भरा गाडी."

मला आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. आणि एवढी चीडही कधी आली नव्हती. कडेला भिंत रंगवणाऱ्यांचे डबे पडले होते, तपासनीसासाठी कारखाना गोरा करायचं चाललं होतं ना. त्यातला एक भरलेला डबा मी दोन्ही हातांनी ओढत आणला आणि दादाच्या पायाशी ठेवला.

"हा घेऊन चढ," म्हटलं. "लोक आपल्या शिडीवर हात हलवत चढत नाहीत, कामाला चढतात. तुझं वजन मला माहिती आहे, डब्यावरचं छापलंय. दोन्ही मिळून अजून एकशेवीसच्या आतच आहेत. चढ."

त्याने डबा उचलला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. मग थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. तो वर बघत नव्हता, पायरीच्या टोकाला जिथे रिव्हेट असतो तिथे बघत होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, डब्याने खांदा एका बाजूला ओढला गेलेला.

मग उतरला. डबा खाली ठेवला.

"गाडी रिकामी करा," हमालांना म्हणाला. माझ्याकडे न बघता जिन्याकडे निघाला आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "सही तुझी आहे. दुकानांना फोनही तूच कर."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तपासनीसाची भेट रद्द झाली. मोठी दुकान-साखळी गेली. दादा आला नाही. बिस्किटवाल्याने निरोप पाठवला की त्याचे पैसे द्यावेच लागतील. बघू-करू दाराशी येऊन म्हणाले, "एवढं ताणायला नको होतं, ताई." मी म्हटलं, "चालते व्हा." खुर्ची त्यांनी ओढली होती तिथेच अजून होती, ती मी बाहेर ठेवली.

पैलवान माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेका दुकानाचा नंबर वाचून दाखवत होता. पहिलं दुकान उचललं. माणूस म्हातारा असावा. मी सांगितलं, वसंतानंतरच्या आमच्या शिड्या विकू नका, ज्यांना विकल्यात त्यांना कळवा, पैसे परत देऊ, पायरी सुटू शकते. तो ऐकत होता, हं हं करत होता. मग मध्येच थांबला.

"त्यातली एक मी घरी नेलीय," म्हणाला. "वरच घर आहे. सून आज माळा आवरतेय."

मी म्हटलं, "आधी वर जा. मी थांबते."

त्याने रिसीव्हर तसाच ठेवला असावा. दुकानातले आवाज येत राहिले. कुणीतरी खिळे मागत होतं, कुणीतरी काका कुठे गेले म्हणून विचारत होतं. पैलवानाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. माझ्या मनात दादा, बघू-करू, बिस्किटवाला, मी स्वतः, सगळ्यांना एकेक शिवी देऊन झाली आणि तरी तो माणूस येईना.

मग फोनवर धाप लागलेला श्वास आला.

"उतरली," तो म्हणाला.

मी पैलवानाला पुढचा नंबर वाचायला सांगितला.